परीकथांवरच्या नव्या टीव्ही सिरीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आमच्या नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या घरी दहा-बारा मुलं जमतात, सोबत त्यांचे आई-बाबा, कधी आजी पण असते. एखादा एपिसोड पाहायचा आणि मग त्यामागची जुनी गोष्ट मी तोंडी सांगायची, असं चाललंय. त्यावरून व्हॉट्सॲपवर जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथं एकत्र लिहून ठेवले. काही ठिकाणी गोष्टीचा शेवट फुटतो, तिथं आधीच सांगितलंय.

१. परीकथेचं "रिटेलिंग" म्हणजे नेमकं काय? सिंड्रेलाचं जुनं कार्टून पण त्यातच येते का?

जुनी गोष्ट जशी आहे तशीच परत दाखवली तर तिला आम्ही रिटेलिंग म्हणत नाही, त्यात काहीतरी मुद्दाम हलवलेलं पाहिजे. कधी जागा आणि काळ हलवतात. २००८ मध्ये बीबीसीनं चार परीकथा आजच्या इंग्लंडमध्ये आणून ठेवल्या होत्या, त्यात रपुन्झेल (टॉवरात कोंडलेली लांब केसांची मुलगी) टेनिस खेळणारी होती आणि नवे कपडे घालणाऱ्या राजाच्या जागी टीव्हीवरची नटी होती. कधी गोष्ट कोणाच्या बाजूनं सांगायची तेच बदलतात, लांडग्याच्या बाजूनं, चेटकिणीच्या बाजूनं. आणि कधी पाच-पंचवीस गोष्टींतली माणसं एकाच गावात आणून त्यांची आपसात नाती लावून देतात. वन्स अपॉन अ टाइम या अमेरिकन सिरीजमध्ये हे तिन्ही प्रकार सापडतात म्हणून खाली तिचं नाव सारखं येईल.

२. मी यातलं काहीच पाहिलं नाही, सुरुवात कुठून करू?

सोबत नऊ-दहा वर्षांचं लेकरू बसणार असेल तर वन्स अपॉन अ टाइमचा पहिला सीझन घ्या, २२ एपिसोड आहेत. दुष्ट राणीच्या शापानं परीकथेतली सगळी माणसं अमेरिकेतल्या मेन राज्यात स्टोरीब्रुक नावाच्या लहानशा गावात येऊन पडतात आणि आपण मुळात कोण होतो हे कोणालाच आठवत नाही. हिमगौरी शाळेत बाई आहे, दुष्ट राणी गावची मेयर, पेंढ्याचं सोनं करणारा रम्पेलस्टिल्टस्किन गहाणवटीचं दुकान चालवतो, आणि टॉवरवरचं घड्याळ सव्वाआठवर अडकून पडलंय. हिमगौरीची लेक एमा तेवढी शापातून वाचून बाहेर वाढली, तिच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी तिनं दत्तक दिलेला दहा वर्षांचा मुलगा हेन्री हातात गोष्टींचं पुस्तक घेऊन तिच्या दारात उभा राहतो. पहिल्या एपिसोडच्या शेवटी त्या घड्याळाचा काटा एक मिनिट पुढं सरकतो. आमच्याकडे मे महिन्यात कूलर एवढा घरघरतो की अर्धे संवाद कोणाला ऐकूच आले नव्हते, पण खाली सतरंजीवर बसलेली एक पोरगी एकदम ओरडली, "काटा हलला, काटा हलला!" आणि मला तो सीन तीनदा मागे घेऊन दाखवावा लागला. सिरीज आवडणार की नाही हे त्या काट्यावर कळते.

फक्त मोठी माणसं असतील तर ग्रिम पाहा (प्रश्न ३). आणि एवढे सीझन कोण पाहील असं वाटत असेल तर २००० सालची द टेन्थ किंगडम ही मिनीसिरीज, न्यूयॉर्कमधली बापलेक परीकथांच्या नऊ राज्यांमध्ये जाऊन पडतात, आणि ती एकदाची संपते.

३. वन्स अपॉन अ टाइम आणि ग्रिम दोन्ही एकच नाही का?

नाही, पण गोंधळ व्हायला कारण आहे, दोन्ही २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पाच दिवसांच्या अंतरानं सुरू झाल्या, पहिली २३ तारखेला एबीसीवर आणि दुसरी २८ तारखेला एनबीसीवर. वन्स ही हरवलेल्या नात्यांची कौटुंबिक गोष्ट आहे, आपल्या घरी रोजच्या मालिका पाहणाऱ्या काकूंना ती लगेच जमते. ग्रिम ही पोलीस तपासाची सिरीज आहे. तिथं कल्पना अशी की जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी जमवलेल्या गोष्टी म्हणजे खऱ्या घडलेल्या भानगडींच्या नोंदी होत्या आणि पोर्टलंडचा डिटेक्टिव्ह निक हा त्याच घराण्यातला, त्याला माणसाच्या चेहऱ्यामागचा प्राणी दिसतो. पहिल्याच एपिसोडमध्ये लाल हुडी घातलेली कॉलेजची मुलगी जंगलात जॉगिंगला जाते, परत येत नाही. त्यातला मन्रो मला फार आवडतो, जातीचा लांडगा पण आता मांस सोडलेला, घड्याळं दुरुस्त करत बसतो आणि निकला मदत करतो. वन्स सात सीझन चालली, २०१८ पर्यंत, ग्रिम सहा, २०१७ पर्यंत.

४. मग खरी, ओरिजिनल गोष्ट कोणती? आमचे बाबा म्हणतात हे लोक ओरिजिनलचा सत्यानाश करून राहिले.

बाबांना राग येणं मला समजते, लहानपणी ऐकलेली गोष्ट कोणी बदलली की आपल्याच घरातली भिंत हलवल्यासारखं वाटते. पण ओरिजिनल शोधायला गेलं की पाय टेकायला जमीनच लागत नाही. सिंड्रेलाच घ्या. काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि परी हे सगळं १६९७ साली फ्रान्सच्या शार्ल पेरोनं लिहिलं. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात परी नाहीच, आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आहे, त्यावरचा पक्षी तिला कपडे टाकतो, आणि बूट पायात बसावा म्हणून सावत्र बहिणींपैकी एक अंगठा कापते, दुसरी टाच. पेरोच्याही आधी १६३० च्या दशकात इटलीत बासिलेच्या पुस्तकात ती आहे. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये ये शियान नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवलेली आहे, तिला मदत करणारा मासा असतो आणि तिचाही बूट हरवतो.

बरं ग्रिम बंधूंनी तरी जशी ऐकली तशी ठेवली का, तर नाही. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीपासून १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ते, आणि त्यातही विल्हेल्म, गोष्टी बदलत राहिले. पहिल्या आवृत्तीत रपुन्झेल भोळेपणानं चेटकिणीला विचारते की माझे कपडे एवढे घट्ट काऊन होऊन राहिले, म्हणजे ती गरोदर आहे हे वाचणाऱ्याला कळते. नंतरच्या आवृत्तीत ते वाक्य गेलं, तिथं ती म्हणते की वर ओढताना तू राजपुत्रापेक्षा जड लागतेस. पुस्तक लहान मुलांच्या हातात जाऊन राहिलं होतं म्हणून त्यांनी हे केलं. टीव्हीवाले आज जे करतात ते ग्रिम बंधू ४५ वर्षं करत होते.

म्हणून मी रिटेलिंगला एकच विचारते, जुन्या गोष्टीत जी जागा रिकामी सोडली होती तिथं हिनं हात घातला का? राणीला एवढा राग कशाचा? राजपुत्रानं मेलेल्या मुलीची पेटी कशाला मागितली? लांडगा खरंच परका होता का? जी सिरीज अशा जागी हात घालते ती पाहण्यासारखी असते, आणि जी फक्त कपडे आणि महाल नवे आणते ती दोन एपिसोडमध्ये बंद केली तरी काही बिघडत नाही.

५. हिमगौरीची सावत्र आई मुळात सख्खी होती असं ऐकलं, खरं आहे का?

हो. १८१२ च्या आवृत्तीत आरशाला विचारणारी आणि काळीज आणायला सांगणारी बाई हिमगौरीची सख्खी आई आहे, १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला सांगणारी पण आधी आईच होती, ती १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. आई असं करूच शकत नाही, हे त्या काळच्या घराघरात वाचून दाखवायच्या पुस्तकात ठेवायचं होतं, आणि बाळंतपणात बाया दगावायच्या, बाप दुसरं लग्न करायचा, त्यामुळे सावत्र आई ही ऐकणाऱ्याच्या ओळखीची होती.

नव्या सिरीजवाल्यांनी ही जागा बरोबर हेरली. (पुढचं वाक्य द टेन्थ किंगडम पाहायची असेल तर सोडून द्या.) तिथं दुष्ट राणी शेवटी नायिकेची लहानपणी सोडून गेलेली आईच निघते, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी झाकलेली गोष्ट टीव्हीनं परत उघडली. तो भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला झोप लागली नव्हती.

६. राजपुत्राच्या पप्पीनं राजकन्या उठते हे मुलींना दाखवावं का? झोपलेल्या मुलीची परवानगी कोण घेते?

हा प्रश्न आया विचारतात आणि त्या बरोबर विचारतात. आधी एक सांगते, ग्रिमच्या हिमगौरीत पप्पी नाहीच. नोकर काचेची पेटी नेताना ठेचकाळतात, धक्का बसतो, घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर येतो आणि ती उठून बसते. बेडकाच्या गोष्टीतही राजकन्या बेडकाचा मुका घेत नाही, चिडून त्याला भिंतीवर फेकते, तेव्हा त्याचा राजपुत्र होतो. झोपलेल्या राजकन्येची बासिलेनं लिहिलेली १६३० च्या दशकातली गोष्ट तर मुलांना सांगण्यासारखीच नाही, ती झोपेत असताना राजा तिच्यावर जबरदस्ती करतो.

वन्सच्या पहिल्या सीझनच्या शेवटी (पाहायचं असेल तर इथं थांबा) शाप मोडतो तो आईनं लेकराच्या कपाळावर घेतलेल्या पप्पीनं, हॉस्पिटलच्या खाटेवर. एमा तोपर्यंत कशावरच विश्वास ठेवत नव्हती. राजपुत्राचं काम आईला दिलं, हा बदल मला फार मोठा वाटतो. आमच्याकडे तो सीन संपल्यावर एक आजी पदरानं डोळे पुसत होत्या, त्यांना हेन्री कोण आणि एमा कोण हे धड कळलं पण नव्हतं.

७. आजकाल व्हिलनला एवढी सहानुभूती काऊन देतात? मुलांना चांगलं-वाईट कळणार कसं?

याचं उत्तर मला नागपूरच्या मारबतीवरून, म्हणजे मिरवणुकीत नेतात त्या बाईच्या मोठ्या पुतळ्यावरून सुचते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, इकडे पोट्टे लाकडी बैल सजवून घेऊन निघतात आणि तिकडे जुन्या शहरातून काळी आणि पिवळी मारबत निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक तिला शहराबाहेर नेतात, १८८० च्या दशकापासून हे चालू आहे. लहानपणी मला ती नुसती राक्षसीण वाटायची. मग कोणीतरी सांगितलं की काळी मारबत म्हणजे पूतना, आणि भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून लोकांचा तिच्यावर राग. त्या दिवसापासून मिरवणुकीत तिच्या तोंडाकडे पाहिलं की मी विचार करायची, हिला काय झालं असेल, ही अशी का वागली असेल. ती वाईट आहे हे माझ्या मनात तसूभर कमी झालं नाही, पण ती माणूस झाली.

वन्समधली दुष्ट राणी रेजिना अशीच आहे. तिचं एका तबेल्यातल्या मुलावर प्रेम होतं, लहानग्या हिमगौरीनं भाबडेपणात ते गुपित रेजिनाच्या आईला सांगून टाकलं आणि आईनं त्या मुलाला मारलं. हे कळल्यावर राणीचा राग कुठून आला ते समजते. पण हीच रेजिना शाप टाकायला स्वतःच्या बापाचं काळीज काढते आणि सिरीज ते लपवत नाही. दुःख समजून घेणं वेगळं आणि केलेलं माफ करणं वेगळं, हा फरक सात-आठ वर्षांच्या मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळते, विचारून पाहा. जिथं सिरीज हा फरक पुसून टाकते, म्हणजे बालपण वाईट होतं म्हणून सगळं माफ, तिथं मात्र मी एपिसोड थांबवून मुलांशी बोलते.

८. कोणत्या वयाला काय दाखवायचं?

वन्स नऊ-दहाच्या पुढं, मोठं माणूस सोबत पाहिजे, काळीज हातानं बाहेर काढण्याचे सीन आहेत. ग्रिम कॉलेजच्या वयापासून, त्यात खून आणि कापाकापी भरपूर. टेल मी अ स्टोरी (२०१८) फक्त मोठ्यांसाठी, नावाला भुलू नका, तीन डुकरं आणि लाल टोपीवाली ही न्यूयॉर्कमधल्या दरोडा-खुनाच्या गोष्टीत विणलेली आहेत. अगदी लहान मुलांना सिरीज नकोच, तोंडी सांगा.

९. ताई, आमच्या घरी मुलीची नवी आई आली आहे. / आमचा मुलगा दत्तक आहे. हे दाखवू का?

हे दोन प्रश्न वेगवेगळ्या लोकांचे आहेत, पण उत्तर जोडलेलं आहे म्हणून एकत्र लिहिते.

नवी आई घरात येऊन थोडेच दिवस झाले असतील तर हिमगौरी आणि सिंड्रेला सध्या ठेवून द्या. मुलगी आधीच रोज तपासून पाहून राहिली असते की ही बाई कशी आहे, तिला हातात आयतं उत्तर देऊ नका. वर्षभरानं दाखवा, आणि नव्या आईनंच सोबत बसून दाखवलं तर फार उत्तम. तेव्हा प्रश्न ५ मधली सख्ख्या आईची हकिकत पण सांगा.

दत्तक मुलासाठी वन्सचा पहिला सीझन जपून. हेन्रीला वाढवणारी आई हीच दुष्ट राणी निघते आणि जन्म देणारी आई त्याला सोडवायला येते, हे वाढवणाऱ्या आईला आणि मुलाला दोघांनाही टोचू शकते. पुढं ते बदलत जाते, रेजिना खरोखर त्याची आई होते आणि तो दोघींनाही आई म्हणतो, पण तिथवर पोचायला बरेच एपिसोड लागतात. आधी तुम्ही एकट्यानं पाहा. घरात "खरी आई" हा शब्द कसा वापरता ते ठरवा, मग मुलाला सोबत घ्या. हे मी मनापासून सांगते, कारण आमच्याकडे एकदा मी हा विचार न करता एपिसोड लावला आणि एक मुलगा उठून गच्चीवर जाऊन बसला होता. त्याची आई आणि मी दोघी बराच वेळ त्याच्याजवळ बसलो, कोणीच काही बोललं नाही.

१०. या गोष्टींवर कोणाचा हक्क असतो? आणि वन्समध्ये डिस्नीचे बुटके आणि एल्सा कशी काय आली?

पेरो, ग्रिम, डेन्मार्कचा अँडरसन यांच्या गोष्टींवर आता कोणाचाच कॉपीराइट नाही, तुम्ही उद्या त्यावर नाटक लिहू शकता. पण ग्रिमच्या गोष्टीत सात बुटक्यांना नावंच नाहीत. ग्रम्पी वगैरे नावं डिस्नीच्या १९३७ च्या चित्रपटातली आहेत आणि ती डिस्नीची आहेत. वन्स एबीसीवर आली, एबीसी डिस्नीच्याच मालकीची, म्हणून तिला ग्रम्पी पण वापरता आला आणि चौथ्या सीझनमध्ये फ्रोझनची एल्सा पण. शाळेच्या नाटकात तुम्ही हिमगौरी बिनधास्त करा, बुटक्यांना नावं मात्र आपली द्या.

११. ॲलिस, पीटर पॅन, ओझचा जादूगार या पण परीकथाच ना?

काटेकोर पाहिलं तर नाही, या एकेका लेखकानं रचलेल्या गोष्टी आहेत, ॲलिस १८६५ ची आणि ओझ १९०० ची. अँडरसनची छोटी जलपरी (१८३७) आणि हिमराणी (१८४४) मधे कुठंतरी बसतात, लिहिलेल्या आहेत पण सूर परीकथेचा. टीव्हीवाले हा भेद मानत नाहीत, मी पण रविवारी मानत नाही. एकच लक्षात ठेवा की लिहिलेल्या गोष्टीला एक ठरलेलं मूळ असते, त्यामुळे प्रश्न ४ मधलं उत्तर तिला तसंच्या तसं लागू होत नाही. अँडरसनची जलपरी राजपुत्राला मिळवत नाही, तिच्या देहाचा फेस होतो. तिथं शेवट गोड केला तर बदल कोणी केला हे नाव घेऊन सांगता येते.

१२. हे सगळं २०११ नंतरचंच फॅड आहे का?

लाट तेव्हा आली, पण टीव्हीला परीकथा पहिल्यापासून प्रिय. ३१ मार्च १९५७ ला सीबीएसवर सिंड्रेलाची संगीतिका थेट दाखवली, ज्युली अँड्र्यूज सिंड्रेला, अमेरिकेत १० कोटींहून जास्त लोकांनी ती पाहिली असं सांगतात. तीच १९९७ ला परत केली तेव्हा ब्रँडी सिंड्रेला होती आणि व्हिटनी ह्यूस्टन तिची परी. १९८२ ते १९८७ शेली डुव्हॉलनं मोठमोठे नट आणून फेअरी टेल थिएटर केलं. १९८७ ला न्यूयॉर्कच्या जमिनीखालच्या बोगद्यांत राहणारा ब्यूटी अँड द बीस्टमधला बीस्ट आला. आणि त्याच सुमाराला जिम हेन्सनची द स्टोरीटेलर, चुलीजवळ बसलेला म्हातारा आणि त्याचा आगाऊ कुत्रा, नऊच एपिसोड. मला सगळ्यात जवळची तीच, कारण त्यात गोष्ट सांगणारा माणूस दिसतो.

१३. ब्यूटी अँड द बीस्ट शोधली तर भलतीच सिरीज लागली.

नावासोबत साल टाका. वरची १९८७ ची, लिंडा हॅमिल्टन आणि रॉन पर्लमनची. २०१२ ची त्याच नावाची नवी आहे, तिच्यात नायिका पोलीस डिटेक्टिव्ह आहे.

१४. अमेरिका सोडून कोणी करत नाही का? आणि आपल्याकडे?

भरपूर करतात. जर्मनीत एआरडी २००८ पासून दर ख्रिसमसला तासा-तासाच्या नव्या परीकथा दाखवते. टेल मी अ स्टोरी मुळात स्पेनच्या २०१४ च्या सिरीजवरून घेतलेली आहे. कोरियाच्या २०२० च्या इट्स ओके टू नॉट बी ओकेमध्ये नायिका मुलांच्या गोष्टी लिहिते आणि एपिसोडची नावं परीकथांवरून येतात, बायका मारणाऱ्या निळ्या दाढीवाल्याची पण. जपानच्या द ग्रिम व्हेरिएशन्समध्ये (२०२४, सहा भाग) ग्रिम बंधूंची बहीण शार्लोट शंका काढते की ही माणसं खरंच सुखात राहिली का, आणि पहिल्याच भागात सिंड्रेलाच कपटी निघते. तो भाग पाहून आमच्याकडच्या मोठ्या मुलींमध्ये कडाक्याचं भांडण झालं होतं.

आपल्याकडे १९८५ ला दूरदर्शनवर विक्रम और बेताल, १९९३ ला अलिफ लैला, या जुन्या गोष्टी जुन्याच काळात सांगितलेल्या. आजच्या शहरात आणलेली म्हणाल तर २००० मध्ये सुरू झालेली स्टार प्लसची सोन परी. आई वारलेली फ्रूटी आणि तिला भेटणारी परी, आपली मृणाल कुलकर्णी. सिंड्रेलाचा गाभा तोच आहे, गेलेल्या आईच्या जागी कोणीतरी येते. मराठीत मात्र आपल्या कहाण्यांना असं कोणी धीरानं हात लावावा ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

१५. आपल्या गोष्टींत आणि यांच्यात काही साम्य आहे का?

आहे, आणि मला यावर रात्रभर बोलता येते.

श्रावणातल्या सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवा. आटपाट नगर, राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. ही सिंड्रेलाच झाली ना? पुढं रानात तिच्या पूजेनं सोन्याचं देऊळ होते, राजा आपलं पागोटं खुंटीवर ठेवून तळं पाहायला जातो आणि पागोटं तिथंच विसरतो, परत येऊन पाहतो तर लहानसं देऊळ, आणि खुंटीवर पागोटं. तिकडे मुलीचा बूट राहतो आणि राजपुत्र शोधत येतो, इकडे राजाचंच पागोटं राहते आणि त्यालाच परत यावं लागते. कावळ्याचं शेणाचं घर आणि चिमणीचं मेणाचं घर, "चिऊताई चिऊताई दार उघड", यात तीन डुकरांची घरं दिसतात.

आणि लाल टोपीवालीच्या शेजारी आपली भोपळ्यातली म्हातारी ठेवून पाहा. पेरोच्या गोष्टीत लांडगा पोरीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते, ग्रिमच्या गोष्टीत शिकारी येऊन पोट फाडतो, आजी दोन्हीकडे आजारी, खाटेवर. आपली म्हातारी एकटी जंगलातून चालत लेकीकडे निघते, वाघ आडवा येतो तर त्याला तोंडावर सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. आणि येताना चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. शिकारी नको, राजपुत्र नको. फ्रान्सच्या खेड्यातली एक तोंडी गोष्ट आहे, पुढं लिहून घेतलेली, त्यात पोरगी लांडग्याला म्हणते मला बाहेर जायचंय, तो पायाला दोर बांधून सोडतो, ती दोर आलुबुखाऱ्याच्या झाडाला बांधून पळते. म्हणजे त्यांच्याकडेही हुशार पोरगी होती, लिहिणाऱ्यांनी तिला घालवली. वन्समध्ये (पुन्हा शेवट फुटतो) लाल टोपीवालीच लांडगा निघते, लाल झगा तिला आवरून धरायला असतो.

विदर्भात तर ही गोष्ट नवी करायला काही हलवावंच लागत नाही. इथं वाघ खराखुरा आहे, ताडोब्याच्या आसपासच्या गावांत संध्याकाळी सरपणाला जाणारी बाई आजही मागं वळून पाहते. मी मुलांना म्हटलं आता तुम्ही सांगा, तर एकानं म्हातारीला रामटेकवरून एसटीत बसवलं, दुसऱ्यानं भोपळ्याचा ऑटो केला, आणि एक शांत मुलगी म्हणाली, ताई, वाघाला पण लेक असेल ना, ती उपाशी असेल.

१६. वन्सचे सातही सीझन पाहायचे का?

माझं मत, पहिले तीन नक्की. सहाव्याच्या शेवटी मुख्य गोष्ट आटोपते. सातव्यात हेन्री मोठा झालेला, गाव बदलून सिअ‍ॅटल, सिंड्रेला नवी. तिथं लेखकांनी स्वतःच्याच गोष्टीचं रिटेलिंग केलंय, ज्यांना ते पाहायचं त्यांनी पाहावं.

१७. हे पाहिल्यावर आजीला तिची गोष्ट विचारली, ती वेगळीच सांगून राहिली. चुकली का? दुरुस्त करू का?

अजिबात दुरुस्त करू नका. फोनवर रेकॉर्डिंग लावा, फोन पालथा करून बाजूला ठेवा म्हणजे ती त्याच्याकडे पाहणार नाही. पंखा कमी करा. मधे टोकू नका, पुस्तकात असं नाही म्हणू नका. गोष्ट संपली की दोनच गोष्टी विचारा, तुला कोणी सांगितली आणि ते गाव कोणतं. माझ्या आजीच्या भोपळ्यात म्हातारी परत येताना लेक पण सोबत बसायची, दोघी एका भोपळ्यात, कारण सासरी तिला त्रास होता. हे मला आजी गेल्यावर माझ्या मावशीनं सांगितलं. आजीच्या तोंडून मी ती गोष्ट पन्नासदा ऐकली होती, पण माझ्या वेळेस म्हातारी एकटीच यायची.